अण्णांचे सहा, माझी अठरा

आमच्या घरात 'अण्णांचे सहा' असा एक शब्दप्रयोग आहे. कुणी वेळेच्या फार आधी पोचलं की आई म्हणते, "काय, अण्णांचे सहा वाजले वाटतं?" बाहेरच्या माणसाला यातलं काही कळत नाही. म्हणून आधी तेच सांगते, कारण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे.

अण्णा म्हणजे माझे वडील. आम्ही बेळगावजवळच्या उचगावचे. घरची थोडी शेती आणि अण्णांची नोकरी, मराठी हायस्कुलात पीटीचे मास्तर. कन्नड ते फर्डं बोलतात. बाजारात घासाघीस, ऑफिसात विनवणी, बसमध्ये भांडण, सगळं कन्नडमध्ये करतात. वाचायचं म्हटलं की मात्र मान फिरवतात. "बोलायला तोंड लागतंय, वाचायला शाळा लागतीया. माझी शाळा मराठी," हे त्यांचं ठरलेलं उत्तर. आई बोरगावची, निपाणीजवळची, कन्नड शाळेत शिकलेली. त्यामुळे बसची पाटी, लाइटचं बिल, सरकारी नोटीस असं जे काही कन्नडमध्ये येईल ते घरात आई वाचते आणि अण्णा त्यावर मत देतात.

तर एकदा आईच्या माहेरी लग्न होतं. आई दोन दिवस आधी गेली होती आणि पत्रिका अण्णांच्या हाती पडली. कन्नड पत्रिका, मुहूर्त कन्नड आकड्यात. कन्नडमधले सहा आणि नऊ हे जुळे भाऊ. फरक काय तो शेपटीचा, आणि मराठी डोळ्याला दोघंही आपल्या सहासारखेच दिसतात. अण्णांनी पत्रिका लांब धरली, जवळ धरली आणि जाहीर केलं, "सहाचा मुहूर्त." आम्ही पहाटे साडेतीनला जीपमध्ये बसलो. सहाला कार्यालयाच्या दारात पोचलो तर दाराला कुलूप. वॉचमन मिश्री लावत होता. त्यानं आम्हाला खालपासून वरपर्यंत बघितलं आणि विचारलं, "नवाच्या लग्नाला आत्ताच आलासा? नवरा अजून उठला बी न्हाय."

अण्णांनी हार मानली नाही. आचाऱ्यांबरोबर बसून त्यांनी पावणेतीन तास लसूण सोलला आणि नंतर भेटेल त्याला सांगितलं की लग्नघरी लवकर येऊन हातभार लावायची आमच्याकडे पद्धतच आहे.

आता माझ्याबद्दल. मी बास्केटबॉल खेळते. उंच आहे. किती ते सांगत नाही, कारण सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो, "मग लग्नाचं कसं?" अण्णांनी शाळेच्या मागं एक खांब रोवून त्यावर रिंग बसवली होती. रिंग गावातल्या वेल्डरनं मापापेक्षा थोडी लहान केली. अण्णांनी तक्रार केली तर तो म्हणाला, "मास्तर, बॉल जातोय न्हवं त्यातनं? मग झालं." त्या लहान रिंगमध्ये मी सहा वर्षं बॉल टाकले. पुढे शहरातल्या खऱ्या कोर्टवर गेले तेव्हा तिथली रिंग मला घमेल्याएवढी वाटली. माझ्या नेमबाजीचं श्रेय कोच स्वतः घेतात. ते खरं त्या वेल्डरचं आहे.

अण्णांचं मोठं नाव होतं ते मात्र वेगळ्याच कामासाठी. शाळेच्या स्पर्धांत चौदा वर्षांखालचा गट असतो, सतरा वर्षांखालचा असतो, आणि त्यात दाढी करून आलेली पोरं घुसवायची हा आमच्या भागातला जुना उद्योग आहे. अण्णा वय चोरणाऱ्यांचे काळ होते. कागद ते बघायचेच नाहीत. "कागद कुनीबी लिवतंय," म्हणायचे. मुलाला जवळ बोलवायचे, पाठीवर हात फिरवायचे आणि गोड आवाजात विचारायचे, "धाकटा भाऊ हाय काय रं तुला?"

"हाय की सर."

"शाळेत जातोय?"

"व्हय सर. धाव्वीला हाय."

झालं. चौदा वर्षांखालच्या खेळाडूचा धाकटा भाऊ दहावीत. त्या मुलाच्या मास्तरांचं तोंड बघण्यासारखं व्हायचं. एकदा एका कबड्डीच्या संघाचे सातपैकी पाच गडी असे घरी पाठवले आणि उरलेल्या दोघांना अण्णांनी स्वतःच्या खर्चानं मिसळ खायला घातली.

अशा माणसाची मुलगी बारा-तेराव्या वर्षीच शिक्षिकांच्या खांद्याला लागली, तेव्हा लोकांना किती आनंद झाला असेल बघा. मी कोर्टवर उतरले की समोरच्या बाजूनं कुणीतरी ओरडायचंच, "ही पोरगी न्हाय, पोरीची आई हाय!" म्हणून अण्णांनी मला एक प्लास्टिकची फाईल करून दिली होती. बोनाफाईड, आधार, पुढे दहावीचं मार्क्स कार्ड. बूट विसरले तर चालेल, फाईल विसरायची नाही. त्या सगळ्या कागदांवर माझी जन्मतारीख होती बारा जून.

माझा खरा वाढदिवस सप्टेंबरमध्ये असतो, गणपतीच्या हंगामात. हे घरात सगळ्यांना माहीत होतं आणि त्यात कुणालाच काही वावगं वाटत नव्हतं. कारण आमच्याकडे कागदावर सगळेच जूनमध्ये जन्मतात. अण्णा एक जून, आई एक जून, काका एक जून, शेजारचे आप्पाही एक जून. जूनमध्ये शाळा उघडायची, बाप पोराला घेऊन यायचा, "कवा जन्मला?" विचारलं की "भात कापणी चालली हुती" असं सांगायचा, आणि मास्तर सरळ एक जून लिहून मोकळे व्हायचे. माझी तर चक्क बारा जून होती. उलट कुणी कुणी म्हणायचं, मास्तरांचं घर, त्यामुळं तारीख तरी खरी दिसतीया.

मला वाटायचं, तसंच माझंही झालं असणार. विचारायचं काही कारण नव्हतं.

मग मी बारावी झाले त्या वर्षी, जुलैमध्ये, बेंगळूरहून बायकांच्या एका नव्या व्यावसायिक संघाची माणसं खेळाडू निवडायला बेळगावात आली. व्यावसायिक म्हणजे खेळायचे पैसे मिळणार, राहायची-खायची सोय, टीव्हीवर सामने. मी तीन दिवस त्यांच्यासमोर खेळले. तिसऱ्या दिवशी संघाची मॅनेजर, तिशीतली, केस बारीक कापलेली बाई, माझ्याजवळ आली आणि म्हणाली की तू आम्हाला हवी आहेस. एकच नियम आहे. सही करायच्या दिवशी अठरा वर्षं पूर्ण पाहिजेत. सोमवारी वडिलांना घेऊन ये आणि जन्माचा मूळ दाखला आण.

त्या दिवशी मी बसनं घरी आले, पण पाय जमिनीला लागले नव्हते. मला त्या संघात जायचं होतं. आयुष्यात इतकं दुसरं काहीच हवं झालं नव्हतं.

गावात बातमी पसरली आणि नियमावर चर्चा झडली. शेजारचे आप्पा आमच्या कट्ट्यावर बसून म्हणाले, "मताला अठरा, लग्नाला अठरा, आता बॉल टाकायला बी अठरा? सरकारला दुसरा आकडा येतोय का न्हाय?"

अण्णा मात्र नियमावर बेहद्द खूश. "बरोबर हाय," ते म्हणाले. "कवळा ऊस तोडला तर कारखान्याला रस न्हाय आन् शेतकऱ्याला भाव न्हाय. पोरांस्नी पिकू द्यावं. हाडं भरू द्यात, शाळा हू द्या, मग न्या म्हणावं." आप्पा मान डोलवत राहिले आणि मीही डोलवली. मला काय, मी तर कागदावर जूनमध्येच पिकले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी आईनं पेटीतून जन्माचा दाखला काढला. मी तो पहिल्यांदाच बघत होते. माझा जन्म आजोळी झालेला, तेव्हा दाखला तिकडचा, हातानं लिहिलेला, कन्नडमध्ये. आई तो खिडकीशी धरून वाचू लागली. माझं नाव, तिचं नाव, आणि मग, "बारा, नऊ..."

"नऊ?" मी म्हणाले.

"मग? सप्टेंबरातलीच न्हवं तू?"

"मग शाळेत जून कसा लागला?"

आईनं दाखल्याची घडी घातली. "तुझ्या अण्णांस्नी इचार," म्हणाली आणि पोह्याला फोडणी द्यायला गेली.

अण्णा आंघोळ करून आले तेव्हा मी दारातच उभी होते. त्यांनी माझ्याकडं बघितलं, माझ्या हातातल्या कागदाकडं बघितलं आणि पंच्यानं डोकं पुसायला लागले, ते पुसतच राहिले. शेवटी सांगितलं. मला पहिलीत घालायला ते स्वतः गेले होते. आई घरी होती. क्लार्क म्हणाला तारीख सांगा, अण्णांनी दाखला लांब धरला, जवळ धरला आणि वाचलं, "बारा, सहा." सप्टेंबरची गोष्ट डोक्यातच नव्हती, कागद वाचायच्या भरात होते. क्लार्कनं जून लिहिलं. सप्टेंबर सांगितलं असतं तर माझं वय भरत नव्हतं आणि मी एक वर्ष घरी बसले असते. जून म्हटल्यावर नियमात बसले आणि त्याच दिवशी पाटी घेऊन वर्गात गेले.

"आन् मग कवा कळलं?"

"त्याच दिवशी. तुझ्या आईनं सांगिटलं."

"मग दुरुस्त का न्हाय केलं?"

"तू वर्गात बसलीवतीस. रडाय बी न्हवतीस," अण्णा म्हणाले. "आन् थोरली लिवली, धाकटी न्हवं. त्यात चोरी कसली? चौदाच्या गटात तुझंच तीन म्हयनं गेलं."

हे अगदी खरं होतं. अण्णांच्या सबंध नोकरीत वय चोरायचं म्हणजे कमी करायचं. नियम नेहमी एकच असायचा, यापेक्षा मोठं नको. त्या हिशोबानं माझं वय कागदावर जास्त, म्हणजे मी चोराच्या अगदी उलट. अण्णा इतकी वर्षं मनातल्या मनात या गोष्टीचा अभिमान धरून होते. आणि आता आयुष्यात पहिल्यांदा असा नियम समोर आला होता की यापेक्षा लहान नको. तीन महिन्यांचा तोच साधाभोळा जून रात्रीतून चोरीचा माल झाला होता.

मला ते पटत होतं का? अजिबात नाही. मी सरळ वकिली सुरू केली. चूक तुमची, माझी नाही. मला न विचारता मोठी केलीत, आता मोठीच राहू द्या. आधारवर जून, मार्क्स कार्डावर जून, सगळ्या जगात जून. एका जुन्या कागदावरचा एक कन्नड आकडा, तो कोण वाचत बसणार? तुम्ही स्वतः नाही वाचू शकलात!

"बघू," अण्णा म्हणाले.

रविवारी दिवसभर मी त्यांच्या मागं मागं होते. गोठ्यात, कट्ट्यावर, जेवताना. प्रत्येक वेळी तेच. "बघू." आई मध्ये पडली नाही, पण मला वाढताना तिनं तुपाची जास्तीची धार सोडली, त्यावरून ती कुणाच्या बाजूची आहे ते कळत होतं.

सोमवारी आम्ही स्कूटरवरून शहरात गेलो. अण्णा माझ्यापेक्षा बुटके असल्यानं मागं बसून मला रस्ता त्यांच्याहून चांगला दिसतो. खड्डा आला की मी सांगते. त्या दिवशी मी एकही खड्डा सांगितला नाही आणि त्यांनी एकही चुकवला नाही.

मॅनेजरबाई कोर्टशेजारच्या खोलीत बसली होती. टेबलावर माझं नाव घातलेला करार तयार होता. मी तो उलटा वाचत होते. तिनं आधार बघितलं, मार्क्स कार्ड बघितलं, बोटांवर हिशोब केला आणि हसून म्हणाली, गेल्या महिन्यातच अठरा झाली, छान. मग तिनं जन्माचा दाखला हातात घेतला. उलटा केला, सुलटा केला. लांब धरला, जवळ धरला.

मला वाटलं, देवा, हिलाही वाचता येत नाही.

आणि खरंच येत नव्हतं. बाई बेंगळूरची, घरात कन्नडच, पण शिकलेली इंग्रजी शाळेत. कन्नड आकडे तिला कधी लागलेच नव्हते. ती जरा ओशाळून हसली, कागद अण्णांपुढं सरकवला आणि महिन्याच्या आकड्यावर बोट ठेवून विचारलं, "इदु याव तिंगळु, सार?" हा कोणता महिना?

मी टेबलाखालून अण्णांच्या पायावर पाय ठेवला. माझा बूट दहा नंबरचा आहे, तेव्हा तो त्यांना समजला असणार. मनात मी एकच म्हणत होते, अण्णा, खोटं बोलू नका, कुणी सांगितलंय खोटं बोलायला? फक्त नेहमीसारखं वाचा. लग्नाच्या पत्रिकेसारखं वाचा. जन्मभर जसं चुकलात तसं आज एकदा चुका.

अण्णांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकानं पुसला, परत घातला. कागद हातात घेतला. लांबही धरला नाही आणि जवळही धरला नाही.

"ओंबत्तु," ते म्हणाले. मग माझ्याकडं न बघता मराठीत म्हणाले, "नऊ. सप्टेंबर. शाळेत चुकून जून लागलाय. चूक माझी हाय."

बाईनं पुन्हा बोटांवर हिशोब केला. मोसम ऑगस्टमध्ये सुरू होणार होता, नावं जुलैअखेर द्यायची होती. तिनं करार फाईलमध्ये परत ठेवला. तिला वाईट वाटलं, हे तिच्या तोंडावर दिसत होतं. पुढच्या वर्षी या म्हणाली, पहिल्या फेरीत खेळायची गरज नाही, थेट माझ्याकडं या. उठताना तिनं अण्णांना नमस्कार केला. मला तो नमस्कार फार लागला. त्या क्षणी मला नमस्कार मिळवणारा बाप नको होता, करार मिळवणारा हवा होता.

परतीच्या वाटेवर, हिंडलगा मागं पडल्यावर मी पहिल्यांदा बोलले. "अण्णा, तुम्हाला कन्नड आकडे येत नव्हते ना?"

"न्हाय येत."

"मग आज कसे आले?"

"आज आले," अण्णा म्हणाले आणि स्कूटर खड्ड्यात घातली.

घरी आईनं सगळं ऐकून घेतलं आणि परात आपटली. "सगळ्या जल्मात एक अक्षर कन्नड वाचलं न्हाय, आन् वाचायला माझ्या पोरीचाच मुहूर्त गावला व्हय तुमाला?" अण्णांनी आणखी एक भाकरी मागून घेतली. मी चार दिवस त्यांच्याशी बोलले नाही. ते पेपर वाचायला बसले की मी शेजारच्या सोप्यात, म्हणजे ओसरीवर, बॉल आपटायची. धप धप धप. चार दिवसांत त्यांनी एकदाही बंद कर म्हटलं नाही, आणि त्यामुळं मला आणखी राग यायचा.

पाचव्या दिवशी बॉलमधली हवा गेली. पंपाची सुई अण्णांच्या शाळेच्या पिशवीत असते. ती शोधताना त्यांची हजेरीची जुनी वही हाताला लागली आणि उघडली. मागच्या पानावर, पहिलीतलं पोर पाटीवर गिरवतं तसे, ओळीमागून ओळी दोनच आकडे काढलेले होते. कन्नड सहा, कन्नड नऊ, सहा, नऊ. वरच्या ओळींत दोन्ही सारखेच होते. खाली येता येता शेपट्या वेगळ्या झाल्या होत्या. शेवटच्या ओळीत एकही चूक नव्हती.

मी स्वयंपाकघरात गेले. तिथं आईचं कन्नड कॅलेंडर टांगलेलं असतं. जुलैच्या पानावर सहा तारखेला आणि नऊ तारखेला पेन्सिलीनं गोल केलेला होता. आईला विचारलं तर ती म्हणाली, "ते व्हय? मला वाटलं गॅसच्या टाकीची तारीख लिवून ठेवलीया."

म्हणजे त्या रविवारी, मी मागं मागं फिरून वकिली करत होते आणि ते "बघू, बघू" म्हणत होते, तेव्हा मधेच कधीतरी हा माणूस कॅलेंडरसमोर उभा राहून नऊ शिकत होता. चुकायला त्यांना काहीच करावं लागणार नव्हतं. न चुकण्यासाठी त्यांनी अभ्यास केला होता. मी तिथंच फरशीवर बसून रडले, आणि रडताना मला त्यांचा आणखी राग आला. नुसता राग होता तोवर सोपं होतं. आता त्यात मायाही मिसळली, आणि त्या मिश्रणाचं काय करायचं ते मला अजूनही नीटसं माहीत नाही.

सुई घेऊन मी कट्ट्यावर गेले आणि म्हणाले, "अण्णा, हवा भरायची हाय. बॉल धरा." त्यांनी बॉल धरला. आमच्या घरात समेट असाच होतो.

मग अण्णांनी माझी तारीख दुरुस्त करायचं मनावर घेतलं. रजा काढून ते खिडकीमागून खिडकी हिंडले. आणि इथं देवानं त्यांची पुरती थट्टा केली. एका खिडकीतल्या क्लार्कनं अर्ज वाचला, शेजारी मी उभी होते तिकडं मान वर करून बघितलं आणि मराठीतच, अगदी गोड आवाजात विचारलं, "पोरगी खेळती काय हो?"

"व्हय. बास्केटबॉल," अण्णा अभिमानानं म्हणाले.

"वाटलंच," क्लार्क म्हणाला. "खेळाडूंचं वय कमी करून मागणारी लई मास्तरं बघितल्यात मी. धाकटी भैन हाय काय हिला?"

अण्णांचा चेहरा लाल झाला, मग जांभळा झाला. ज्या माणसानं सबंध तालुक्याला हा प्रश्न विचारला होता, त्याला तोच प्रश्न खिडकीतून विचारला जात होता. मला हसू आवरेना. मी खांबामागं जाऊन हसले, पण मी खांबामागं मावत नाही. अण्णांनी बघितलं आणि मग तेही हसायला लागले. क्लार्क बिचारा बावचळला. दुरुस्ती झाली, पण ती व्हायला मार्च उजाडला. सप्टेंबर कधीच उलटून गेला होता आणि खरी अठराही भरली होती. त्या दिवशी अण्णांनी शहरातून कुंदा, आमच्याकडची खव्याची मिठाई, आणला आणि डबा माझ्या हातात देऊन म्हणाले, "आता पिकलीस."

पुढच्या वर्षी संघानं मला घेतलं. पण चित्रपटातल्यासारखं काही झालं नाही. ज्या जागी मी आदल्या वर्षी गेले असते ती जागा तोवर दुसरीनं पक्की केली होती, आणि ती माझ्यापेक्षा चांगली होती. मी बहुतेक बाकावर बसले. बाकावर बसायचेही पैसे मिळतात, हे आप्पांना आजही पटत नाही. सबंध मोसमात मी सहा सामन्यांत उतरले.

गावी आले तेव्हा माझा सत्कार ठेवला होता. शाळेचं पटांगण, माझ्या त्या लहान रिंगखालीच मांडव, हार, शाल आणि फ्रेममध्ये घातलेलं मानपत्र. मानपत्र सरकारी, म्हणून कन्नडमध्ये, आकडेही कन्नडच. माईक अण्णांच्या हातात दिला. आता कन्नड आकडे येतात म्हणून गावात त्यांचा थोडा दबदबा झाला होता. ते माझ्याबद्दल बोलले, मग फ्रेम हातात घेऊन त्यांनी सामन्यांचा आकडा वाचला आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "आन् आमची पोरगी पैल्याच वर्षी नऊ सामने खेळली!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. आप्पांनी तर शिट्टी मारली.

मी त्यांच्याकडं बघितलं. मुद्दाम केलं नव्हतं, छाती फुगली होती आणि डोळे भरले होते, त्यात त्यांना शेपटी दिसली नव्हती. सगळं गाव टाळ्या वाजवत होतं. नऊ ऐकायला किती छान वाटत होतं, आणि कोण वाचणार होतं कन्नड आकडे?

मी वाकून माईकजवळ तोंड नेलं. "सहा," मी म्हणाले. "अण्णा, ते सहा हाय."

टाळ्या थांबल्या. अण्णांनी फ्रेम लांब धरली, जवळ धरली. मग खिशातून चष्मा काढला, पुसला, घातला आणि नीट बघितलं.

"व्हय की," ते माईकमध्ये म्हणाले. "सहाच हाय. माझी चूक."

आणि नऊ म्हणताना फुगली होती त्याहून त्यांची छाती जास्त फुगली.